वाळलेल्या हळदीचा दंड

इमान्युएल कान्टने 1785 साली नीतीच्या पायाविषयी एक छोटेखानी पुस्तक लिहिले. अवघड म्हणून ते प्रसिद्ध आहे, पण त्याच्या पहिल्याच प्रकरणात एक अगदी साधा दुकानदार येऊन जातो. समोर अजाण गिऱ्हाईक उभे आहे, लहान पोर आहे. दोन पैसे जास्त घेतले तर कोणाला कळणार नाही. तरी हा दुकानदार घेत नाही. सगळ्यांना एकच भाव. या माणसाला नीतिमान म्हणायचे का, असा कान्टचा प्रश्न आहे, आणि एवढ्यावरून सांगता येत नाही, असे त्याचे उत्तर. गिऱ्हाइके तुटू नयेत म्हणून तो सरळ वागत असेल तर वागणे योग्यच आहे, पण त्याला नैतिक मोल नाही. सरळ वागणे हेच आपले काम आहे असे मानून वागत असेल तर आहे. पुस्तकात वाचताना हे उदाहरण किरकोळ वाटते. बाजारात नेऊन ठेवले की त्याला धार येते, म्हणून ते हिंगोलीला नेऊ.

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. सोयाबीन आणि कापूस इथेही आहेतच, पण बाजारात या जिल्ह्याचे नाव चालते ते हळदीवर. वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचे हरिद्रा संशोधन केंद्र उभे राहिले आणि 2024 मध्ये 'वसमत हळदी'ला भौगोलिक मानांकन मिळाले. हिंगोलीत हळदीचे बीट (लिलाव) ज्या आवारात होते त्याला संत नामदेवांचे नाव आहे, आणि परंपरा त्यांचे जन्मगाव मानते ती नर्सी याच जिल्ह्यात आहे. नीतीचा विचार करायला हळदीइतके सोयीचे पीक क्वचित असेल. मे-जूनमध्ये लावायची, आठ-नऊ महिने सांभाळायची, खणून काढायची, शिजवायची, उन्हात वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची. आणि यातल्या प्रत्येक टप्प्यावर एकाला माहीत असते ते दुसऱ्याला नसते. आत पाणी किती राहिले, वरचा रंग कशाचा, कांडी खरोखर कुठल्या शिवारातली, हे पोत्याकडे नुसते पाहून कळत नाही.

संवादासाठी दोन कल्पित माणसे घेतली आहेत. एक काका, मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, हळदीची अडत चालवणारे. दुसरी त्यांची पुतणी, महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवणारी. मधून मधून लेखक बोलेल. तो तटस्थ नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

काका : अगं माय, तुझ्या त्या कान्टला एक हंगाम गादीवर बसवायला पाहिजे होतं. मनात काय आहे हे बघायला मोंढ्यात कोणाला वेळ आहे? शेतकरी बघतो ते एवढंच, की काटा सरळ आहे का, हिशेबपट्टी हातात पडते का, पैसे बुडणार नाहीत ना. मी पतीसाठी सरळ वागतो असं खुशाल म्हण, त्यात मला कमीपणा वाटत नाही. पत उभी करायला बापाचं आयुष्य जातं आणि घालवायला एक हंगाम पुरतो, या धास्तीनंच माणूस नीट राहतो. मन आरशासारखं स्वच्छ, पण पैसे थकवणारा अडत्या शेतकऱ्याच्या काय कामाचा? उलट मनात काय वाट्टेल ते असो, पैसे दिल्या दिवशी देणारा माणूस त्याला हवा असतो. आणि हे गृहस्थ जन्मभर पुस्तकात. व्यापाऱ्याशी त्यांचा संबंध कधी आला?

पुतणी : चांगला आला होता, काका. बाप जीनगर होता, घोड्यांचा साज करायचा. कान्ट जवळजवळ सगळं आयुष्य क्योनिग्सबर्ग या बंदरात राहिला, आणि त्याचा जिवलग मित्र होता जोसेफ ग्रीन नावाचा इंग्रज व्यापारी. कान्टची शिल्लक या ग्रीनच्याच पेढीत गुंतवलेली असायची. आपल्या मोठ्या ग्रंथाचा मजकूर तो ग्रीनपुढे ठेवून पक्का करायचा, असं त्याचे चरित्रकार सांगतात. तेव्हा पत म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं, आणि दुकानदाराचं उदाहरण त्यानं त्यासाठीच निवडलं असावं. पत वाईट असं तो म्हणत नाही. तो एवढंच विचारतो, की पत जिथं पोचत नाही तिथं तुम्हाला कोण सरळ ठेवणार? आपल्या हिंगोलीतलीच गोष्ट आहे. 1829च्या सुमारास इथल्या छावणीत हरिसिंग नावाचा प्रतिष्ठित कापड व्यापारी होता. मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडून त्यानं मुंबईचं कापड आणायचा परवाना घेतला. एका दुसऱ्या व्यापाऱ्याचं कापड वाटेत आहे हे त्याला माहीत होतं. त्या व्यापाऱ्याला आणि त्याच्या माणसांना मारून तो माल त्यानं त्याच परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघडपणे विकला. पुढं ठग म्हणून पकडला गेल्यावर त्यानं आपणहून सांगितलं नसतं, तर हे कधीच कळलं नसतं, असं त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलंय. त्या दिवसांत हरिसिंगाची पत कशी होती विचाराल तर उत्तम होती.

काका : ठग कुठं आणि अडत्या कुठं! हे म्हणजे वादात हरायला लागलं की खुनापर्यंत जायचं झालं.

काकांची तक्रार रास्त आहे. हरिसिंगावरून बाजारपेठेविषयी काही सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते थोडेच आहे, पण उपयोगाचे आहे: पत म्हणजे इतरांना दिसलेले वागणे, आणि न दिसलेल्या वागण्याबद्दल ती काहीच सांगत नाही. बाजारातली बहुतेक नुकसाने खुनासारखी ठळक नसतात. ती पोत्यागणिक दोन-चार किलोची असतात, वर्षानुवर्षे चालतात आणि दिसत असूनही दिसत नाहीत. तिकडे वळण्याआधी काकांचा दुसरा बचाव ऐकायला हवा, कारण तो पतीपेक्षा खोल आहे आणि याच मातीतला आहे.

काका : बरं, माणसाची नजर पोचत नाही म्हणतेस. देवाची तर पोचते? औंढ्याची कथा तुला सांगायला नको. नामदेव महाराज नागनाथाच्या देवळात विसोबा खेचरांकडे गेले, तर हे गुरू पिंडीवर पाय ठेवून निवांत पडलेले. नामदेवांना ते सहन होईना. विसोबा म्हणाले, जिथं देव नाही अशा जागी माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून ठेवतील तिथं खाली पिंड उभी. देव नाही अशी जागाच नाही. म्हणजे काट्याखाली आहे, पोत्यात आहे, रुमालाखाली बोटं दाबून सौदा करायचे तिथंही होता. तुझ्या कान्टच्या पाचशे वर्षं आधी आमच्या माणसांना हे कळलं होतं, आणि अडाण्याला कळेल अशा गोष्टीत सांगितलं होतं.

पुतणी : गोष्ट माझ्याही आवडीची आहे, पण तुम्ही तिच्यातून धाक काढता. देव बघतोय म्हणून सरळ वागलात, तर तुम्ही कान्टच्या पहिल्या दुकानदारासारखेच झालात. तो गिऱ्हाइकाला भितो, तुम्ही देवाला. आणि कथेत विसोबा कोणाला भीती घालतच नाहीत. ते नामदेवांचा एक हिशेब मोडतात. पिंडीपाशी पाय जपून ठेवायचे आणि बाकीच्या जागा मोकळ्या, हा तो हिशेब. मान राखायची जागा गाभाऱ्यापुरती नाही, एवढं त्या पायांखाली त्यांना कळलं. कान्ट माणसांबद्दल असंच काहीतरी बोलतो. कोणत्याही माणसाला नुसतं साधन म्हणून वापरायचं नाही. त्याला त्याचे स्वतःचे हेतू आहेत, त्याची संमती मोजायची. मग तो सोयरा असो, नाहीतर गाडी भरून आलेला परक्या गावचा शेतकरी.

वारकरी परंपरेत या कथेचा मुख्य रोख सर्वव्यापी देवाकडे आणि गुरूच्या गरजेकडे आहे, हे मान्य करूनही पुतणीचे वाचन मला पटते. मात्र इथे थांबलो तर दोघे जिंकल्यासारखे वाटेल, आणि प्रश्न तसाच राहील. कारण 'माणसाला साधन समजू नये' हे वाक्य मोंढ्यात मोठ्याने म्हटले तर सगळे माना डोलावतील आणि पुढच्या पोत्याला तोच कडता लावतील.

कडता म्हणजे वजनातून केलेली ठोक कपात. मालात ओल असते, माती असते, साठवणीत घट येते, म्हणून क्विंटलमागे काही किलो आधीच वजा धरायचे. शेतमालाच्या बाजारांतली ही फार जुनी रीत. अशा अनधिकृत कपातींना आज बाजार समितीच्या नियमांत जागा नाही, तरी तक्रारी ऐकू येतात. हिंगोलीत अमुक इतका कडता कापतात, असा इथे दावा नाही. ही रीत नीतीच्या कसोटीवर काय ठरते, एवढेच पाहायचे आहे. तिच्या बाजूने सर्वांत चांगला युक्तिवाद काकाच करू शकतात.

काका : कडत्याला लबाडी म्हणू नकोस. लबाडीत एक जण अंधारात असावा लागतो. इथं अंधारात कोण आहे? कडता जाणार हे शेतकऱ्याला माहीत आहे, म्हणून तो हळद जराशी ओली ठेवतो. तो ओली ठेवणार हे मला माहीत आहे, म्हणून मी कडता धरतो. खरेदीदाराला दोन्ही माहीत आहे, तो त्या बेतानं बोली लावतो. तिघांनी तीन ठिकाणी थोडं थोडं झाकलं आणि बेरीज शून्य झाली. सगळेच करतात आणि सगळ्यांना माहीत आहे. तुझी ती कसोटी आहे ना, आपण करतो ते सगळ्यांनी केलं तर चालेल का? हे घे. सगळे करताहेत, आणि चाललंय की!

हा युक्तिवाद कच्चा नाही. कान्टच्या कसोटीवर त्याच्या काळापासून घेतलेल्या आक्षेपांपैकी एक नेमका असाच आहे: एखादी वाईट रीत सार्वत्रिक झालेली असेल आणि जग तरी चालू असेल, तर ती सार्वत्रिक करता येत नाही असे कसे म्हणायचे? उत्तर शब्दांत देण्याआधी आकड्यांत देऊन पाहू. अख्ख्या हळदीत ओलावा 12 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा असे अन्नसुरक्षेचे मानक आहे. दोन शेतकरी घ्या, दोघांच्या हळदीत पाणी सोडून उरणारा ऐवज सारखाच, 88 किलो. पहिल्याने ती 12 टक्क्यांपर्यंत वाळवली. तिचे वजन भरले 100 किलो. दुसऱ्याने 18 टक्क्यांवरच पोती भरली. त्याचे वजन भरले साधारण 107 किलो. आता क्विंटलमागे पाच किलो असा सरसकट कडता लावा. पहिल्याच्या हाती 95 किलोचे पैसे येतात, दुसऱ्याच्या हाती जवळपास 102 किलोचे. सोयीसाठी भाव क्विंटलला 10 हजार धरला, तर वाळवणाऱ्याचे 500 रुपये गेले आणि ओल ठेवणाऱ्याने वर 195 रुपये मिळवले. बेरीज शून्य होत नाही. ज्याने जास्त दिवस ऊन दिले, मजुरी दिली, अवकाळीचा धोका पत्करला, त्याला त्याबद्दल दंड झाला. ज्याने यातले काही केले नाही, त्याला बक्षीस मिळाले.

काकांच्या युक्तिवादातली चूक इथे सापडते. तिघांनाही माहीत होते, हे खरे. पण माहीत असणे म्हणजे मान्य असणे नव्हे. वाळवून आणणाऱ्या शेतकऱ्यालाही कडता माहीत होता. त्याने त्याला संमती दिली नव्हती, आणि द्यायला कोणी विचारलेही नव्हते. बाकीच्या दोघा-तिघांचा हिशेब त्याच्या खात्यातून जुळवला गेला. माणसाला नुसते साधन म्हणून वापरणे हा शब्दप्रयोग फार उंचावरचा वाटतो, पण पट्टीवर तो असा उतरतो: एकाच्या ओलीची भरपाई दुसऱ्याच्या कोरड्या मालातून.

पुतणी : आणि 'सगळेच करतात' हेही खरं नाही, काका. खरोखर सगळ्यांनीच ओल ठेवली तर ओलीचा फायदा कोणाला? खरेदीदार सगळ्यांच्याच मालात तेवढं पाणी धरेल आणि भाव तेवढा उतरवेल. फायदा तेव्हाच होतो, जेव्हा कोणीतरी अजून कोरडी आणतोय आणि त्याच्या कोरडेपणावर बाजाराचा सरासरी भरवसा टिकून आहे. म्हणजे ज्याला फायदा होतोय त्यानं समजावं, की बाजारात प्रामाणिक माणूस अजून शिल्लक आहे आणि आपण त्याच्या जिवावर खातोय. कान्टची कसोटी म्हणजे जग कोसळेल का, हा प्रश्न नव्हे. माझी युक्ती सगळ्यांनी वापरली तर ती युक्ती राहील का, एवढंच तो विचारतो. राहत नसेल, तर मी गुपचूप स्वतःसाठी सूट मागतोय.

काका : तू फायद्याचं बोलतेस. मी बचावाचं बोलतो. कमवायचं सोड, नुकसान होऊ नये म्हणून माणूस करतो ते? वाळवणाऱ्याला 500 रुपयांचा दंड होतो हे तूच मोजलंस. पुढच्या वर्षी त्यानं चार दिवस कमी वाळवली तर त्याला लबाड म्हणशील?

इथे कान्टचे अनुयायी सहसा अडखळतात, आणि त्याचे कारण कान्ट स्वतः आहे. 1797 साली त्याने एक निबंध लिहिला. मित्राचा खून करायला निघालेल्या माणसाने दाराशी येऊन पत्ता विचारला तरी खोटे बोलण्याचा हक्क नाही, असे त्यात त्याने ठामपणे म्हटले. मराठी वाचकाला हा प्रसंग नवा नाही. महाभारताच्या कर्णपर्वात कौशिकाची कथा आहे: सत्याचे व्रत घेतलेला हा ब्राह्मण पळून लपलेल्यांचा माग लुटारूंना खराखुरा सांगतो, ते मारले जातात आणि कौशिक नरकात जातो. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली छापलेल्या गीतारहस्यात सत्याच्या अपवादांची चर्चा तपशिलाने केली आहे. कर्त्याची बुद्धी शुद्ध आहे की नाही यावर कर्माची परीक्षा करणारा विचारवंत म्हणून टिळकांना कान्टविषयी आदर होता. पण नियमाला चिकटून राहिले की माणूस सुटतो, असे ते मानत नव्हते. दाराशी आलेल्या खुन्याबाबत कान्ट चुकला, असे मलाही वाटते. त्याच्याच मूळ विचारातून तो हट्ट निघत नाही. मित्राचा जीव वाचवण्यासाठी खोटे बोलणारा स्वतःसाठी सूट मागत नसतो.

पण कौशिकाच्या कथेचा गैरफायदा घेणे फार सोपे आहे. लुटारू दाराशी एखाद्या वेळी येतो. आपण मात्र आयुष्यभर लुटारू दाराशी असल्यासारखे वागतो. बाजार असाच आहे, खाते असेच आहे, सगळे तसेच आहेत, म्हणून माझे हे बचावाचे खोटे. या यादीला अंत नसतो आणि तीत प्रत्येकाचा लुटारू दुसराच असतो: शेतकऱ्याचा अडत्या, अडत्याचा खरेदीदार, खरेदीदाराचा शेतकरी. म्हणून अपवाद मान्य करताना एक खूण हवी. बचाव कुठला आणि बहाणा कुठला, हे कशावरून ओळखायचे?

पुतणी : ती खूण कान्टनंच दिली आहे, पण दुसऱ्या पुस्तकात. 1795 साली त्यानं कायमच्या शांततेवर लिहिलं, त्याच्या परिशिष्टात. दुसऱ्यांच्या हक्काशी ज्या वागण्याचा संबंध येतो, ते कशासाठी करतोय हे उघड सांगितलं की जर ते टिकत नसेल, तर ते अन्यायाचं समजावं. तो राज्यकारभाराबद्दल बोलत होता. मी ते मोंढ्याला लावते. वाळवणारा शेतकरी उघड सांगू शकतो, की तुम्ही ओल मोजत नाही म्हणून मी यापुढं जास्त वाळवणार नाही. सांगितल्यानं त्याचं काही बिघडत नाही, उलट बाजाराचंच बिघडलेलं दिसतं. तो बचाव. पण 'या पोत्यात 18 टक्के ओल आहे' अशी चिठ्ठी पोत्याला लावून कोणी हळद विकायला आणेल? आणि तुम्ही पट्टीवर हमाली लिहिता, तोलाई लिहिता. 'कडता, पाच किलो, कारण ओल, मोजलेली नाही' असं लिहाल?

काका : लिहिता येत नाही, हे खरं. नियमात बसत नाही.

पुतणी : नियमात बसत नाही ते का, याचाच विचार करा.

तो विचार या भागात फार आधी झालेला आहे. हिंगोलीच्या शेजारी, आज वाशिम जिल्ह्यात असलेल्या कारंज्याला 1886 साली देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाल्याचे मानले जाते. वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा 1897 साली आला. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथे शेतमाल बाजारांचा कायदा 1930 साली झाला. महाराष्ट्राचा सध्याचा कायदा 1963चा. या सगळ्यांच्या कलमांमधून काम एकच झाले: रुमालाखालची बोटे बाहेर काढून उघड बोली आणायची, काटा सर्वांसमोर ठेवायचा, आणि कोणती कपात कोणाकडून हे लिहून द्यायचे. कान्ट वाचून हे कायदे झाले नाहीत. पण बाजारातल्या अन्यायाचा अनुभव आणि क्योनिग्सबर्गच्या माणसाचा विचार एकाच जागी येऊन पोचले, हा माझ्या मते त्या विचाराच्या बाजूचा चांगला पुरावा आहे. कान्ट घरादाराच्या निर्णयात कडक, कोरडा, कधी कधी अमानुष वाटतो. अनोळखी माणसांमधल्या देवघेवीत मात्र त्याच्याइतका कामाचा कोणी नाही.

अनोळखी माणसांचा विषय निघालाच आहे, तर हळद शेवटी खातो त्याच्याविषयी बोलायला हवे. शेतकरी, अडत्या, खरेदीदार या तिघांच्या समजुतीत तो कुठेच नव्हता. 'सगळ्यांना माहीत आहे' या वाक्यातले 'सगळे' म्हणजे आवारातले सगळे. बांगलादेशात हेच फार वाईट रूपात घडले. 1980च्या दशकातल्या पुरात हळद नीट वाळेना, निस्तेज दिसू लागली, आणि कांडीला झळाळी आणायला लेड क्रोमेट हे शिशाचे पिवळे रंगद्रव्य वापरण्याची सवय लागली. पुढे पूर ओसरले, सवय राहिली. पॉलिश करणारा म्हणे घाऊक व्यापारी मागतो, व्यापारी म्हणे गिऱ्हाइकाला पिवळीधमक हवी. 2019 मध्ये तपासलेल्या बाजारातल्या नमुन्यांपैकी 47 टक्क्यांत शिसे सापडले. संशोधकांनी ते जाहीर केले, सरकारने इशारे छापले, घाऊक बाजारात तपासणी आणि दंड झाले, आणि 2021 मध्ये हे प्रमाण शून्यावर आले. हिंगोलीच्या हळदीवर असा आरोप करण्याचे काहीच कारण नाही. उदाहरण वेगळ्यासाठी आहे. तीस वर्षांहून अधिक काळ 'सगळेच करतात, बाजारच तसा आहे' म्हणून जी गोष्ट चालली, ती उजेडात येताच दोन वर्षांत संपली. निसर्गनियम असा संपत नाही.

काका : आमच्या हळदीला मानांकन मिळालंय, हे विसरू नकोस. ते काय उगाच मिळतं?

पुतणी : नाही विसरत. उलट मानांकन म्हणजे कान्टची कसोटी कागदावर. 'वसमत' हे नाव कोणा एकाचं नाही. हजारो माणसं ते एक नाव वापरणार, म्हणजे प्रत्येकाचं वागणं आपोआप सगळ्यांचा नियम होणार. एकानं बाहेरची हळद त्या नावाच्या पोत्यात भरली, तर तो बाकीच्यांनी राखलेलं नाव विकतोय.

काका : ठीक. मग आता तुझा कान्ट दुसऱ्या बाजूलाही लाव. पेरणीला पैसे नव्हते तेव्हा माझ्याकडून उचल घेऊन गेला, माल तुमच्याकडेच आणतो म्हणाला, आणि हळद निघाल्यावर भाव बरा दिसला म्हणून परस्पर दुसऱ्या बाजारात घालून आला. असल्याचं काय? की शेतकरी म्हटलं की सगळं माफ?

पुतणीने इथे पळवाट काढू नये, आणि ती काढत नाही. फेडायचे नाही हे मनात ठरवून दिलेला शब्द हे तर कान्टचे सर्वांत गाजलेले उदाहरण. शब्द देतानाच तो मोडायचा बेत असेल तर तो मोंढ्यातल्या ओल्या पोत्याचाच प्रकार: बाकीचे शब्द पाळतात म्हणून याच्या शब्दावर उचल मिळते. पण शब्द खरेपणाने दिला आणि पाऊस गेला, तर ती लबाडी नव्हे. कान्ट बेत तपासतो, पीक नव्हे. शिवाय उचलीच्या बदल्यात माल याच दाराशी, आणि तोही दाराच्या मालकाच्या भावाने, अशी अट असेल तर तो शब्द किती मोकळेपणाने दिला गेला हेही पाहावे लागेल. गरजवंताला अक्कल नसते असे म्हणतात. त्याला निवड नसते हे जास्त खरे.

आणि वाळवणाऱ्याचा दंड फक्त मोंढ्यात होतो असेही नाही. 2017 साली राज्याने शेतकऱ्यांची कर्जे माफ केली तेव्हा, ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरले होते त्यांचा प्रश्न होता की आम्ही चूक केली का. सरकारला तो प्रश्न टाळता आला नाही. नियमित फेड करणाऱ्यांना 25 हजार रुपयांपर्यंतचे प्रोत्साहन द्यावे लागले, आणि 2019 च्या महात्मा फुले कर्जमुक्ती योजनेत ते 50 हजारांपर्यंत नेले गेले. कर्जमाफी चूक होती असे मला म्हणायचे नाही. दुष्काळात बुडालेल्याला बाहेर काढावेच लागते. पण माफी देतानाही प्रामाणिकाचे काय, हा हिशेब वेगळा मांडावा लागला, म्हणजे तो वेगळा आहे हे राज्यानेही मानले. कडत्यात तो मांडलाच जात नाही, एवढाच फरक.

काका : समज, मी मानलं. उद्यापासून ओल मोजायचं यंत्र आणलं, टक्का पट्टीवर लिहिला, कोरडीला कोरडीचा भाव दिला. ओला माल शेजारच्या दुकानी जाईल. माझी आवक घटेल, अडत घटेल. कोरडी आणणारे हळूहळू माझ्याकडे वळतील म्हणशील. वळतील, नाहीतर नाही वळणार. तोवर घर कशावर चालवू? कान्ट भरून देणार आहे?

पुतणी : नाही देणार. सरळ वागलात की धंदा वाढेल, असं आश्वासन तो देतच नाही. दिलं असतं तर तुमचाच पतीचा मुद्दा खरा झाला असता.

काका : मग एकट्या माणसावर हे ओझं टाकण्यात काय न्याय? सगळ्या अडत्यांनी एकाच दिवशी सुरू करावं. समितीनं यंत्र बसवावं, बिटाआधीच प्रत्येक ढिगाची ओल मोजावी, ढिगावर लिहावी. कोणाचंच नुकसान नाही.

पुतणी : हे मात्र मला पूर्ण मान्य आहे. तेवढी मागणी तुम्ही समितीच्या बैठकीत ठेवा. यंत्र एकट्यानं आणण्यात नुकसान आहे, मागण्यात तर काही नाही?

काका : मागण्यातच खरं नुकसान आहे, बाई. सगळ्यांच्या देखत मागावं लागतं.